पाणवठा मिळविला, आता पाणलोटाचा हिशेब मागा



पाणी या विषयावर आपल्याला कोणी प्रवचन देण्याची गरज नाही. पाण्याचा इतिहास आपल्या पूर्वजांनी पाठीवर सोसला आहे. गावच्या ओढ्याला दोन अंगे असत. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा असे आणि खालच्या अंगाला आपला. वर गुरे धुतली जात, घाण सोडली जात, आणि तेच पाणी वाहत आपल्या वाट्याला येई. ते पाणी पिणाराला अपवित्र म्हणत. घाण करणाराला कोणी काही म्हणत नसे. आजचा प्रश्न याच वरच्या आणि खालच्या अंगाचा आहे. फरक एवढाच की ओढ्याच्या जागी नदी आली आहे आणि गावाच्या जागी शहर.

मिरा-भाईंदर हे शहर उल्हास नदीच्या मुखाजवळ वसले आहे. ही नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण अशी वाहत येते आणि आपल्या उत्तरेच्या खाडीने समुद्राला मिळते. ठाणे, भिवंडी व मिरा-भाईंदर या तीन महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून जी ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा संस्था आहे, ती शहाड येथे उल्हास नदीतून पाणी उचलते, टेमघर येथे शुद्ध करते आणि पुढे पाठविते. औद्योगिक विकास महामंडळ जे पाणी देते, तेही बारवी धरणातून सुटून याच नदीच्या पात्राने जांभूळच्या बंधाऱ्यापर्यंत येते. म्हणजे काशीमिऱ्यातील चाळीत किंवा भाईंदरच्या वस्तीत जो हंडा भरतो, त्याचे भवितव्य चाळीस-पन्नास मैलांवरील जमिनीवर ठरते. नळ आपल्या दारात आहे. नळाचे मूळ मात्र परक्या हुकमतीखाली आहे.

पाणी नदीत जन्म घेत नाही, ते जमिनीवर पडते. डोंगरावर झाडी असेल तर ते मुरते, गाळले जाते आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांच्या रूपाने हळूहळू नदीला मिळत राहते. तोच डोंगर उघडा केला, त्यावर सिमेंट अंथरले, तर पावसाळ्यात लोंढा येतो, उन्हाळ्यात नदी सुकते. काठावर वसाहत झाली आणि तिला मलवाहिनी नसेल तर मैला नदीत जातो. कारखाना आला आणि त्याने सांडपाणी चोरून सोडले तर विष नदीत जाते. यास्तव ज्याला पाणी राखावयाचे आहे त्याने प्रथम जमिनीचा वापर राखला पाहिजे. नदी हा जमिनीच्या वापराचा आरसा आहे. कल्याणजवळ उल्हासच्या पात्रावर उन्हाळ्यात जी जलपर्णी हिरव्या गालिच्यासारखी पसरते, ती मैल्यातील खतावर पोसलेली असते. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याने किती वर्षे या नदीत मैला आणून ओतला, हे कल्याणच्या कोणत्याही नागरिकाला विचारा.

येथे कोणी म्हणेल की शुद्धीकरण केंद्र कशासाठी आहे? घाण असली म्हणून काय झाले, यंत्र ती काढून टाकील! हे अज्ञानाचे समाधान आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, वाळूच्या गाळणीने बारीक गाळ अडतो आणि क्लोरीनने जंतू मरतात. परंतु पाण्यात विरघळलेली रसायने आणि जड धातू यांच्यासाठी ही नेहमीची योजना केलेलीच नाही. जे विष पाण्यात पडूच नये, ते काढण्याचा खात्रीचा उपाय एकच. ते पडू न देणे. ज्यांच्या घरी शुद्धीकरणाचे महागडे यंत्र आहे आणि ज्यांना बाटलीतले पाणी परवडते, त्यांची गोष्ट वेगळी. ज्यांच्या घरी केवळ नळ आणि हंडा आहे, त्यांना नदीच्या काठावरील कायद्यावाचून दुसरे संरक्षण नाही. तेव्हा पाणलोटाचा नियम हा हौशी निसर्गप्रेमी मंडळींचा विषय नसून गरिबाच्या हंड्याचा विषय आहे, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की करा.

असा कायदा होता काय? होता. महाराष्ट्र शासनाने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण जाहीर केले आणि २००९ साली त्यात सुधारणा केली. नद्यांच्या पाण्याचे उपयोगाप्रमाणे चार वर्ग पाडले होते. पाणी जितके पिण्यास योग्य, तितके उद्योगाला नदीपासून दूर ठेवावयाचे, हे त्याचे साधे तत्त्व होते. पहिल्या वर्गाच्या नदीपात्राच्या दोन्ही बाजूंस तीन किलोमीटरपर्यंत कारखाना उभारण्यास मनाई होती. हे धोरण परिपूर्ण होते असे आम्ही म्हणत नाही. ते कारखान्यापुरते होते, मैल्याचा बंदोबस्त त्याने झाला नाही, आणि त्याची अंमलबजावणीही सर्वत्र प्रामाणिकपणे झाली नाही. तथापि नदीच्या काठावर एक रेघ ओढलेली होती आणि ती रेघ दाखवून सामान्य माणूस न्यायालयाचे दार ठोठावू शकत होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये शासनाने ती रेघच पुसून टाकली. उद्योगांच्या वाढीला त्याचा अडथळा होतो, असे कारण त्या वेळी पुढे आले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे परवाने व मानके आहेत, ती पुरेशी आहेत, असेही सांगण्यात आले.

ती पुरेशी होती काय? त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावरून उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल निकाल दिला आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील सांडपाणी केंद्रे व तेथील स्थानिक संस्था यांच्यावर सुमारे ९५ कोटी रुपयांचा बोजा टाकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या आधी काही महिने, २९ नोव्हेंबर २०१४ रोजी, वालधुनीच्या पात्रात कोणी रसायन ओतले आणि त्याच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयात दाखल झाली. परवाने त्या दिवशीही होते, मानकेही होती. दरोडेखोर गावात शिरलेला असताना वेशीचा दरवाजा काढून टाकावा आणि चौकीदार पुरेसा आहे म्हणून सांगावे, त्यातला हा प्रकार आहे.

आता जी बांधकामाची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ती चाळून पाहा. नदीकाठी निळी पूररेषा आहे, लाल पूररेषा आहे. या रेषा आवश्यक आहेत, यात वाद नाही. परंतु त्यांचा हेतू काय? घर पुरात बुडू नये हा. म्हणजे घराला नदीपासून वाचविणारी रेषा आहे; नदीला घरांपासून आणि कारखान्यांपासून वाचविणारी रेषा कोठे आहे? ज्या नदीचे पाणी लाखो माणसे पितात, तिच्या पाणलोटासाठी वेगळा, ठळक, नकाशावर दाखविलेला विभाग असावा, असे या राज्याला अजून वाटलेले नाही.

राज्यघटनेकडे पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची घटनेत आली, तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या कामांची यादी आहे. जमिनीच्या वापराचे नियमन हे तिच्यात आहे आणि पाणीपुरवठा हाही आहे. कागदावर दोन्ही कामे एकाच हाती आहेत. व्यवहारात काय घडते? मिरा-भाईंदर महानगरपालिका पाणी वाटते, पण ज्या जमिनीवरून ते पाणी येते तिच्यावर तिची काडीची सत्ता नाही. कर्जत-नेरळच्या टेकड्यांवर बंगल्यांचे भूखंड पाडण्याची परवानगी कोण देतो? बदलापूरच्या काठावर मनोरे उभे राहतात ते कोणाच्या सहीने? त्या सहीमागे आपल्या शहराचा एकही शब्द नसतो. पिणारा एक आणि ठरविणारा दुसरा, ही ओढ्याच्या खालच्या अंगाचीच व्यवस्था आहे. पूर्वी ती जातीने लादली होती, आता ती कारभाराच्या हद्दींनी लादली आहे.

पाण्याच्या बाबतीत नदीचे तुकडे पाडून चालत नाही, हा विचार डॉ. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला. दामोदर खोऱ्याची योजना ज्या काळात आकाराला आली, त्या काळात पाटबंधाऱ्यांचे खाते त्यांच्याकडे होते. नदी एकच समजून तिच्या संपूर्ण खोऱ्याचा कारभार एका दृष्टीने पाहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज ऐंशी वर्षांनी उल्हासचे खोरे मात्र आठ-दहा संस्थांनी वाटून घेतलेले आहे, आणि नदी कोणाचीच नाही.

भगवान बुद्धांच्या चरित्रातील रोहिणी नदीचा प्रसंग आपल्या घरोघर वाचला जातो. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा पेटला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग मांडला आहे. सिद्धार्थाची सूचना काय होती, हे विसरू नका. दोन माणसे शाक्यांनी निवडावी, दोन कोलीयांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी चौकशी करून निकाल द्यावा. म्हणजे एकाच नदीचे पाणी पिणारे जे जे आहेत, त्या सर्वांना निर्णयात समान स्थान. बहुमताने ती सूचना फेटाळली. म्हणून ती चुकीची ठरली काय? वरचा आणि खालचा यांनी एका बैठकीत बसावे, याहून अधिक न्याय्य तोडगा पाण्याच्या प्रश्नावर अजून कोणी सुचविलेला नाही.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण येथे सावध न राहिलो तर आपल्या हातून अन्याय होईल. पाणी शुद्ध राखण्याच्या नावाने या देशात काय काय घडले आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर सर्वांचा हक्क आहे, असे मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावाने आणि महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाने सांगितले होते. तरीही तळे बाटले अशी ओरड झाली आणि १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्याने त्याची शुद्धी करण्यात आली. हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडावे लागले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते असे मानणाऱ्या समाजाला कारखान्याच्या नळीने पाणी बाटते, हे मात्र दिसत नाही! शुद्धतेचा खोटा नियम माणूस पाहतो, खरा नियम कृत्य पाहतो. हीच कसोटी पाणलोटाच्या प्रत्येक नियमाला लावा.

ही कसोटी आपल्या शेजारीच लावून पाहू. आपल्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. मुंबईला नळाचे पहिले पाणी ज्या विहार तलावाने १८६० साली दिले तो, आणि १८७९ चा तुळशी तलाव, या जंगलाच्या कुशीत आहेत. चेण्याची नदी याच जंगलातून उतरते. हे जंगल राखलेच पाहिजे. परंतु राखताना हात कोणावर पडला? १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. ज्यांची नावे १९९५ च्या मतदारयादीत होती त्यांना पर्यायी जागेसाठी सात हजार रुपये भरावयास सांगितले, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कित्येकांना तेही जमले नाही. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली आणि इतर आदिवासींच्या पाड्यांना नळ व वीज यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्याच जंगलाच्या ठाण्याकडील बाजूस येऊरच्या डोंगरावर धनिकांचे बंगले मात्र उभे राहिले. पाण्याच्या शेजारी राहणाऱ्याला पाणी नाही आणि पाणी नासविणाऱ्याला रस्ता, वीज, सर्व काही. हा पाणलोटाचा नियम नव्हे, ही १०८ घागरींची पुनरावृत्ती होय.

बारवीचे उदाहरण पाहा. धरणाची उंची वाढली, २०१९ साली ते नव्या उंचीपर्यंत भरले आणि मुरबाड तालुक्यातील आदिवासी पाडे पाण्याखाली गेले. त्यांच्या बुडालेल्या घरांवर साठलेले पाणी आपण पितो. मिरा-भाईंदर व वसई-विरार यांच्यासाठी आखलेल्या सूर्या योजनेचेही तसेच. दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याच्या त्या योजनेत मिरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटर आहे. आणि ज्या धामणी धरणातून ते यावयाचे, ते पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधले होते. त्यांनी या वळवणुकीला विरोध केला, यात नवल काय? ज्या समाजाने स्वतः पाण्यासाठी मार खाल्ला, त्याने दुसऱ्याच्या तोंडचे पाणी घेताना किमान त्याचा हिशेब विचारावा. आपला हक्क मागताना दुसऱ्याचा हक्क तुडविणे हे आपल्याला शोभणारे नाही.

मग नियम असावा तरी कसा? जगात व देशात अनुभव आहे. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली डोंगराळ पाणलोटातील गावांशी करार केला. गाळण्याचे अवाढव्य केंद्र बांधण्याऐवजी त्या गावांच्या मैल्याच्या व्यवस्थेवर, शेतीच्या सुधारणेवर आणि राजीखुशीने जमीन विकत घेण्यावर शहराने पैसा खर्च केला. पिणाराने राखणाराला मोबदला दिला. आपल्याच देशात हैदराबादच्या उस्मान सागर आणि हिमायत सागर या तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत, ८४ गावांच्या हद्दीत, प्रदूषण करणारे उद्योग व मोठी बांधकामे यांना १९९६ च्या १११ क्रमांकाच्या आदेशाने मनाई झाली. एका तेल कारखान्याला सरकारने त्यातून सूट दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी बजावले की लोकांच्या पिण्याच्या पाण्याला धोका पोचविणारी अशी सूट देण्याचा सरकारला अधिकार नाही. तरीही एप्रिल २०२२ मध्ये तेथील सरकारने तो आदेशच रद्द केला. म्हणजे महाराष्ट्रात २०१५ साली जे घडले, ते तेथे २०२२ साली घडले. जमिनीचा भाव पाण्याच्या भावापेक्षा वर गेला की सरकारचा हात आपोआप जमिनीकडे झुकतो. त्याला परत पाण्याकडे वळविणे हे लोकांचे काम आहे.

यावरून आपल्या मागण्या स्पष्ट होतात. पिण्याच्या पाण्याच्या नद्यांसाठी नदी नियमन क्षेत्र पुन्हा निर्माण झाले पाहिजे. तेही सरकारच्या मर्जीने पुसता येणाऱ्या धोरणाच्या रूपाने नव्हे, तर विधिमंडळाच्या कायद्याच्या रूपाने. पाणी उचलण्याच्या जागेच्या वर किती अंतरापर्यंत काय करता येईल आणि काय नाही, हे प्रादेशिक आराखड्याच्या नकाशावर रंगाने दाखविले पाहिजे. उल्हास खोऱ्यातील सर्व स्थानिक संस्थांची एक समिती असावी. तिच्यात खालच्या शहरांना आणि वरच्या पाड्यांना सारखे स्थान असावे. पाणलोटात राहणाऱ्या गरीब वस्त्यांना हुसकून न लावता प्रथम शौचालय, मलवाहिनी आणि नळ द्यावा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याची पायमल्ली होता कामा नये. आणि जो कोणी नदीत घाण सोडील, मग तो कारखाना असो की नगरपालिका, त्याच्याकडून दंड वसूल होऊन तो पैसा नदीवरच खर्च व्हावा.

कोणी म्हणेल, याने घरे महाग होतील, रोजगार जाईल. ज्यांना आज रोजगार हवा आहे त्यांची चेष्टा आम्ही करणार नाही. परंतु कारखाना नदीपासून तीन किलोमीटर दूर गेला तर रोजगार तीन किलोमीटर दूर जातो, नाहीसा होत नाही. पाणी नासले तर मात्र ते दूर जाऊन आणता येत नाही. पोटाचे दुखणे, काविळीची साथ आणि बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्या आराखड्यात लिहिलेला असतो? तो गरिबाच्या घरखर्चात लिहिलेला असतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

आणि शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणाचा प्रश्न. वरच्या गावाला बोल लावणाऱ्या आपल्या शहराने उत्तनच्या धारावी डोंगरावर कचऱ्याचे डोंगर रचले. आपल्या विहिरी व शेते नासली, असे उत्तनचे रहिवासी वर्षानुवर्षे सांगत आले, आणि प्रश्न हरित लवादापर्यंत गेला. उत्तनच्या विहिरीसाठी आपणच वरचे अंग झालो आहोत, हे ओळखा. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनक्षम क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले. त्याच्या विभागीय आराखड्यात जलाशयांचे व पाणलोटाचे रक्षण करावे आणि स्थानिक लोकांच्या गरजांचा विचार करावा, असे त्या अधिसूचनेतच म्हटले आहे. त्या शब्दांवर बोट ठेवून चेण्याच्या नदीचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या मुदतीत बिल्डरांचे वकील हजर असतात, आपण नसतो. नकाशा आपल्याला वाचता येत नाही, असे म्हणून घरी बसणे आता पुरे झाले. आपली मुले शिकली आहेत. आपल्या विहारात रविवारी वंदनेसाठी माणसे जमतात. वंदना झाल्यावर एक तास तो नकाशा जमिनीवर पसरा. नदी कोठून येते, तिच्या काठाला कोणता रंग दिला आहे, तो रंग कधी व कोणी बदलला, हे मुलांकडून वाचून घ्या. हरकतीचा अर्ज लिहा, प्रत्येक घराची सही घ्या आणि पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नका. महाडला आपण गेलो तेव्हा हातात ठराव होता आणि पायांत बळ होते. आज हातात घटना आहे. पाणवठ्यावर उभे राहण्याचा हक्क आपण मिळविला. त्या पाणवठ्यात काय वाहत येते, हे ठरविण्याचा हक्क मिळविणे हे याच लढ्याचे पुढचे पाऊल आहे.